चाकाखालची लिंबं

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

गाडी आली. पांढरी. घाटनांदुरात आमच्या गल्लीतली पहिली चारचाकी. शोरूमच्या माणसानं ती दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावून दिली आणि तो मित्राच्या मोटारसायकलवर बसून निघून गेला. नीलम्मानं हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "घ्या, न्या आता पुढं."

मला चालवता येत नाही हे तिला माहीत आहे. बायकोनं चारचौघांत असं बोलू नये.

मी म्हणालो, घाई नाही. लिंबं तशीच राहू दिली. त्यांच्यावरून पहिल्यांदा गाडी नेण्याचा मान घरच्या कर्त्या माणसाचा. ती मीच नेणार.

संध्याकाळी धारूरहून व्याह्यांचा फोन. कल्याणराव. आधी गाडीचं अभिनंदन, मग मुद्दा. आमची रुद्राणी पहिलटकरीण आहे. आमच्यात सातव्या महिन्यात लेक माहेरी आणतात. आठवा लागला की आणत नाहीत, मग बाळंतपण सासरीच होतं. मी सांगून टाकलं, भाड्याची गाडी बिलकूल नाही, मी स्वतः चालवत येतो आणि लेकीला नेतो. त्यांचा स्पीकर चालू होता, भोवती माणसं होती. कल्याणराव म्हणाले, "बास, ठरलं मग! तुमी सोता गाडी घिऊन या, तवाच सून धाडतो. न्हाई तर हितं काय कमी हाय तिला?" आणि हसले.

ते हसणं मला आवडलं नाही.

३१ मार्च, सोमवार

आजवर दर पाडव्याला टार्गेट धरलं. पोट कमी करणं. पहाटे उठणं. इंग्रजीत बोलणं. एकही झालं नाही. इतकी वर्षं मी यात माझा दोष समजत होतो.

मागच्या आठवड्यात अंबाजोगाईच्या व्यापारी मेळाव्यात एका कोटवाल्या वक्त्यानं डोळे उघडले. तो म्हणाला, टार्गेटकडे बघू नका, प्रोसेसकडे बघा. रोजचं काम रोज करा, फळ आपोआप येतं. त्यापुढे त्यानं बरंच काही सांगितलं, पण मागे जेवणाची रांग लागायला लागली होती. मुद्दा मला पोचला होता. दोष माझा नव्हता, टार्गेटचा होता.

तर या वर्षी टार्गेट नाही. "धारूरला जाणं" हे टार्गेट आहे, त्याचा विचार करायचा नाही. "रोज गाडीत बसणं" ही प्रोसेस. ती आजपासून चालू.

आज बसलो. सीट चांगली आहे.

३ एप्रिल, गुरुवार

लर्निंग लायसन्ससाठी अंबाजोगाईला. नीलम्मा म्हणाली, घरी एकटी काय करू, मी बी येते. आली. तिथं म्हणाली, आता आलेच आहे तर मी बी काढते. हौस! म्हटलं, काढ. कपाटात शोभेला राहील.

कॉम्प्युटरवर परीक्षा असते. तिचं पहिल्या झटक्यात झालं. मला परत बसावं लागलं, कारण माझी खुर्ची बुटकी होती.

येताना तिनं विचारलं, "शिकायचं कोनाकडं?" बंकटकडे, अजून कोणाकडे! बंकट म्हणजे आयुष्यभर एसटी चालवून रिटायर झालेला ड्रायव्हर. घरच्या शेळ्या राखतो आणि गावातल्या हौशी लोकांना गाडी शिकवतो.

५ एप्रिल, शनिवार

बंकट आला. म्हणाला, "आप्पा, काढा गाडी भायेर." मी त्याला माझी पद्धत समजावून सांगितली. आधी पाया. पहिले काही दिवस इंजिन चालू करायचंच नाही. दार उघडणं, बसणं, पट्टा, आरसे, क्लच, ब्रेक, गिअर, सगळं बंद गाडीत. हात-पाय आपोआप वळायला लागले की मग चावी.

त्यानं ऐकून घेतलं. तंबाखू मळली. मग म्हणाला, "मग मी कावून आलतो?"

या पिढीला प्रोसेस कळायची नाही. म्हटलं, तू बाजूला बसून बघ. तो थोडा वेळ बसला आणि शेळ्यांचं निमित्त सांगून गेला.

पाडव्याची लिंबं उन्हानं वाळून टणक झाली आहेत. नवी ठेवली. हेही प्रोसेसमध्ये धरलं. रोज सकाळी ताजी लिंबं.

८ एप्रिल, मंगळवार

प्रोसेस उत्तम. पट्टा आता न बघता लावतो. आरशात स्वतःचा चेहरा बघितला, त्यावर पूर्वी नव्हता असा एक निर्धार आहे.

दुकानातही हीच पद्धत लावायची ठरवलं. संगमेश्वर वस्त्र भांडार तीस वर्षं टार्गेटवर चाललं. गिऱ्हाईक घेतंय का, किती घेतंय, भाव पाडून मागतंय का. डोक्याला नुसता ताप. आता एवढंच. थान काढायचं, उलगडायचं, कापड दाखवायचं. घेणं-न घेणं हा गिऱ्हाइकाचा प्रश्न.

नीलम्मा म्हणाली, "अन् दुकान कोनाचा प्रश्न?" मी पुढचं थान उलगडायला घेतलं.

१० एप्रिल, गुरुवार

लग्नाचा बस्ता आला. जवळच्याच गावची मंडळी, मुलीकडची. घरचे सगळे, वर भावकी, वर शेजारी. मुलीचे मामा भगवानराव पुढारी. बस्ता म्हणजे साऱ्या मानपानाचं कापड एका बैठकीत. आमच्या धंद्यात हा मोठा दिवस.

मी एकाग्रपणे उलगडत राहिलो. शालू, नऊवारी, टोप्या-टॉवेल, पॅन्टपीस. भगवानराव विचारीत होते, "हे केवढ्याला लावता?" मी म्हणत होतो, भावाचं नंतर बघू, आधी कापड बघा. गादीवर कापडाचा ढीग झाला. चहा झाला, परत चहा झाला. शेवटी भगवानराव टोपी घालून उठले आणि म्हणाले, "या मानसाला इकायचंच न्हाई बे, चला." सगळी मंडळी चपला शोधायला लागली.

तेवढ्यात नीलम्मा आतून आली. नवरीच्या आईला हाताला धरून परत बसवलं, ढिगातून भराभर बाजूला काढलं, भाव सांगितला, थोडा सोडला, बांधून दिलं. बैलगाडीभर कापड गेलं.

जेवताना मी शांतपणे तिच्या लक्षात आणून दिलं की उलगडण्याचं सगळं काम माझं होतं, ती फक्त शेवटी आली. ती म्हणाली, "व्हय, शेवटीच आले." मान्य केलं म्हणायचं.

१२ एप्रिल, शनिवार

एक चमत्कार. आज सकाळी शेडमध्ये गेलो तर चारही लिंबं चेंदामेंदा.

कालच ताजी ठेवली होती. गाडी जागेवर. चावी खुंटीला. कोणी हात लावलेला नाही. विचार केला. एवढ्या वजनाची गाडी, वरून पत्र्याचं शेड, त्यात हे ऊन. टायर तापून फुगत असणार आणि लिंबं दबत असणार. किंवा दृष्ट. गल्लीतल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांत गाडी आली आहे. ती दृष्ट लिंबांनी घेतली.

नवी ठेवली. नीलम्माला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. म्हणाली, "असंल."

१५ एप्रिल, मंगळवार

बंकट परत आला नाही म्हणून त्याच्या वस्तीवर गेलो. म्हणाला, "आप्पा, दुपारनं दुसरी शिकवनी हाय, बाईमानूस हाय." कोण, विचारलं तर सांगेना. एवढंच म्हणाला की बाई लई हुशार आहे, पहिल्या दिवशी गिअर, दुसऱ्या दिवशी चढ. कोणाच्या गाडीवर शिकते, विचारलं. म्हणाला, "नवऱ्याच्या."

नवऱ्याला माहीत आहे का, विचारलं. बंकट हसला आणि शेळीला हाकललं.

बिचारा नवरा. अशीही माणसं असतात, घरात काय चाललंय याचा पत्ता नसतो.

नीलम्माला हे सांगितलं. तिला भजनाला उशीर होत होता. या महिन्यात तिचं भजन रोज दुपारी असतं. मठातल्या बायकांनी बसव जयंतीची तयारी चालवली आहे. भर उन्हात जाते, लाल होऊन घामाघूम परत येते. भजनात एवढे श्रम असतील असं वाटलं नव्हतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

शोरूमवर चिडलो आहे. तीन गोष्टी.

एक, सीट रोज सकाळी पुढे सरकलेली असते. मी बसलो की गुडघे स्टीअरिंगला लागतात. स्प्रिंग सदोष.

दोन, पेट्रोलचा काटा खाली येतो. इंजिन मी अजून एकदाही चालू केलेलं नाही. फोन करून विचारलं, उन्हानं पेट्रोल उडतं का. तो पोरगा म्हणाला, एवढं नाही उडत, काका. काका!

तीन, सीटखाली केसांचा आकडा सापडला. म्हणजे गाडी आधी कोणीतरी वापरलेली आहे. नवी म्हणून दिली. आकडा पुरावा म्हणून कागदात गुंडाळून गल्ल्यात ठेवला आहे.

नीलम्मा आकडा बघून म्हणाली, द्या इकडं, माझा हरवलाय, ह्योच लावते. पुराव्याचं महत्त्व बायकांना कळत नाही. दिला नाही.

२१ एप्रिल, सोमवार

दुपारी रुद्राणीचा फोन. आवाज बारीक झाला आहे. पाय सुजतात म्हणाली. सासू चांगली आहे, सगळं करतात, पण रात्री झोप येत नाही. मी प्रोसेसबद्दल सांगायला लागलो. गिअर न बघता पडतात, आरशाचा अंदाज आला आहे, हात-पाय एकत्र चालायला लागले आहेत.

ती म्हणाली, "आप्पा, तुमी येनार हाव का न्हाई, तेवढं सांगा."

मी म्हणालो, तारखेकडे बघू नये बाळा, तारीख म्हणजे टार्गेट.

ती म्हणाली, "मला तर तारीखच हाय की, आप्पा. पोटात."

गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक कुठलं, कुत्रं आलं होतं सावलीला. त्याला हाकललं नाही.

२३ एप्रिल, बुधवार

कोटवाल्या वक्त्याला त्या मेळाव्यात कोणी विचारलं असतं की तुमच्या लेकीला सातवा चालू असता तर काय केलं असतं, तर तो काय म्हणाला असता? विचार करून बघितलं. तो म्हणाला असता, प्रोसेस सोडू नका. बरोबरच आहे. सोडणार नाही.

लोक बोलतात. समोरचा किराणावाला त्रिंबक म्हणाला, "आप्पा, गाडीला कव्हर घाला, न्हाई तर आतमदी कोंबडी अंडी घालंल." मी म्हणालो, तुझ्या दुकानात कोंबड्या आहेत, पद्धत नाही. त्यानं तराजू पुसायला घेतला. जिंकलो.

लिंबं आजही फुटलेली. आता दहा-बारा दिवस बघतोय, रोज फुटतात. दृष्ट रोज न चुकता का लागावी हे मात्र कळत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

कल्याणरावांचा फोन. आवाजात साखर. म्हणाले, पुढच्या रविवारी आठवा लागतो. "तुमाला जमत नसंल तर वाईट वाटून घिऊ नगा. आमी हितं दवाखाना बघून ठिवलाय. अन् तुमची गाडी काय, हाय तिथं हाय. चोरीला जात न्हाई."

मी म्हणालो, शनिवारी येतो.

म्हणाले, "सोता?"

म्हणालो, स्वतः.

फोन ठेवल्यावर कळलं की हे टार्गेट झालं. पण मी धरलं नाही, माझ्या तोंडून निघालं. यात फरक आहे.

नीलम्मा ऐकत होती. म्हणाली, "मी एक बोलू का?" म्हटलं, आत्ता नको. मान डोलावून गेली.

३० एप्रिल, बुधवार. बसव जयंती

पाया पुरेसा झाला. आज चावी.

मिरवणूक आमच्या गल्लीतून जाते. म्हटलं, मुहूर्त चांगला, माणसं आहेत, मिरवणूक समोरून गेली की तिच्या मागोमाग गाडी शेडमधून काढू. लिंबं ताजी ठेवली. बसलो. सीट मागे घेतली. पट्टा. आरसे. क्लच. गिअर टाकला. चावी फिरवली.

गाडी चालू झाली! एका फटक्यात! महिनाभराची तपश्चर्या. क्लच सोडला.

गाडी गेली. मागे. पत्र्यावर आदळली. पत्रा वाकला, वरची अडगळ टपावर आली, जुनी शिलाई मशीन, दिवाळीचा आकाशकंदील, सगळं. आवाज एवढा झाला की लेझीम थांबलं. सगळी मिरवणूक वळून शेडकडे बघायला लागली. मी काच खाली करून हात वर केला, सगळं ठीक आहे अशा अर्थी. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

बंकट कुठून आला कोण जाणे. दार उघडलं, चावी काढली. हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, रिव्हर्स पडलाय. हुतं सुरवातीला." मग म्हणाला, "सुरवात पाडव्याला करायची व्हती."

मी त्याला सांगितलं की मागे जाणं हाही गाडीचा एक भाग आहे आणि तो मला आज आला.

मागची दोन लिंबंही आली नाहीत चाकाखाली. बाजूला सटकली. सबंध महिन्यात माझं असं एक लिंबू फुटलं नाही.

१ मे, गुरुवार

आज शेडकडे गेलो नाही. सुट्टी. कामगारांना असते, मला का नको.

दुपारी कपाटातून रुद्राणीची परकराची जुनी पेटी काढली. तिला लहानपणी मी दुकानात थानांच्या ढिगावर बसवायचो. म्हणायची, आप्पा, मला सगळ्यात वरच्यावर बसवा. गिऱ्हाईक उठून जायला लागलं तरी मी तिला उतरवून खालचं थान काढत नसे. त्या वेळी कुठे धरलं होतं टार्गेट! तरी दुकान चाललं ना?

कोणी चालवलं, हा प्रश्न आत्ता मनात आला. लिहून ठेवतो. उत्तर शोधत नाही.

२ मे, शुक्रवार. सकाळ

ठरवलं. भाड्याची गाडी करणार नाही. कल्याणरावांना फोन करणार नाही. मी उद्या पहाटे एकटा गाडी घेऊन निघणार. फक्त पहिल्या गिअरमध्ये. पहिल्या गिअरमध्ये मनुष्य जगात कुठेही जाऊ शकतो, वेळ लागतो इतकंच. धारूरच्या अलीकडे मोठा चढ आहे. तिथं उतरून लोकांना ढकलायला सांगेन. लोक चांगले असतात.

कोणी म्हणेल, हा वेडेपणा. म्हणू दे.

२ मे. दुपार

आज दुकान लवकर बंद करून एक शेवटचा सराव म्हणून शेडमध्ये गेलो. गाडी नाही.

पहिल्यांदा वाटलं, चोरी. ओरडणार होतो. मग गल्लीच्या टोकाकडून गाडी येताना दिसली. पांढरी. आमची. हळू, सरळ. खड्डा आला तिथं बाजूनं घेतली. त्रिंबकच्या दुकानापुढे म्हैस बसली होती, तिथं थांबली, एकच हॉर्न दिला, म्हैस उठली. वळली. शेडच्या तोंडाशी येऊन मागे घेत एका दमात आत लागली. रेघ मारल्यासारखी.

बंकट डाव्या बाजूनं उतरला. उजव्या बाजूनं नीलम्मा. पदर खोचलेला. अंबाड्यात आकडा नव्हता, पेन्सिल खोचली होती.

बंकट शेळ्यांकडे गेला. शेळ्या तिथं नव्हत्या.

मी विचारलं, भजन? ती म्हणाली, "व्हतं की. पैले आठ दिवस. मग न्हाई गेले."

मी विचारलं, सांगितलं का नाही. म्हणाली, "तुमी शिकला असता तर सांगायची गरजच न्हवती. मी गप बसले असते. लायसन्स कपाटात शोभेला राह्यलं असतं."

माझं वाक्य. लक्षात ठेवलं होतं.

मी खूप बोललो. विश्वास, घरचा मान, व्याही काय म्हणतील. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लेक झोपत न्हाई रातच्याला. मला उद्या तिला आनायचीय. तुमी येताव का?"

२ मे. रात्र

या प्रकरणाची शांतपणे मांडणी. रोज थोडं थोडं, न चुकता, फळाचा विचार न करता, भर उन्हात. ही पद्धत कोणाची? माझी. तिनं माझ्याकडून उचलली. म्हणजे प्रोसेस यशस्वी झाली, फक्त ती माझ्यावर झाली नाही.

तरी मी जाणार नाही. मागे बसून व्याह्याच्या दारात जायचं? लर्निंग लायसन्स म्हणून बंकट तिच्या बाजूला बसणार, म्हणजे मला पुढेही जागा नाही. गाठोड्यासारखा मागे. कदापि नाही. माझी पाठ दुखते असं सांगेन.

खरंच दुखते.

३ मे, शनिवार

पहाटे उठलो. सवयीनं. ती आणि बंकट निघायच्या तयारीत. गाडीच्या पुढे-मागे लाल एल चिकटवलेला. मी अंगणात उभा, पाठीवर हात.

नीलम्मानं काच खाली केली. म्हणाली, "अवो, लिंबं ठिवायची राह्यलीत." पाठीचं नावही काढलं नाही.

आत गेलो, लिंबं आणली, वाकून चारही चाकांखाली ठेवली. उभा राहिलो. इंजिन चालू, पण ती गाडी काढेना. बंकट समोर बघत बसला. मागचं दार जरा उघडं होतं. बसलो.

आडसच्या पुढे चढ लागला. तिनं गिअर बदलला. पाण्याचा घोट घ्यावा तशी गाडी चढली. बंकटचा हात हँडब्रेकवर होता, माझे दोन्ही हात पुढच्या सीटवर.

कल्याणराव दारात उभे. माझ्यासाठी हार आणला होता, भोवती गल्ली गोळा केली होती. हसायची तयारी जोरात. गाडी थांबली आणि ड्रायव्हरच्या जागेवरून नीलम्मा उतरली. हार त्यांच्या हातात तसाच राहिला. म्हणाले, "आँ? इहीनबाई, तुमी? अन् आप्पा, तुमी काय करीत व्हते वो?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. उत्तरं पुष्कळ पाठ होती. पद्धतीवर महिनाभर बोलत आलो होतो.

म्हणालो, मी लिंबं ठेवतो.

लोक हसले. मीही बहुतेक हसलो. कल्याणरावांनी हार नीलम्माच्या हातात दिला.

रुद्राणी बाहेर आली. पोट पुढे, पाऊल जपून. आईकडे नाही, माझ्याकडे आली. मी आधीच सांगून टाकलं, गाडी मी नाही चालवली. म्हणाली, "ठावं हाय. अव्वानं पाडव्यालाच सांगितलंतं, ती शिकनार म्हनून. अन् तुमी मला सांगाल म्हनून मी वाट बघत व्हते. गाडी कोन बी चालवू दे, आप्पा. तुमी येताव का न्हाई, मला तेवढंच इचारायचं व्हतं."

एवढंच विचारलं होतं तिनं. फोनवर. मी गिअरचं सांगत होतो.

ओटी भरली, जेवणं झाली. तिला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. मी उतरलो, पिशवीतली लिंबं काढली, चारही चाकांखाली ठेवली आणि बाजूला झालो. कल्याणरावांची सगळी गल्ली माझं होईपर्यंत थांबली होती. नीलम्मानं आरशात बघितलं. गाडी पुढे आली आणि चारही एकदम फुटली. मी बघत असताना फुटलेली पहिलीच.

गाडी हातभर पुढे जाऊन थांबली. रुद्राणीनं आतून दार ढकललं. "बसा, आप्पा."

बसलो. घाटनांदूर येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर झोपली होती. मी हललो नाही.